विकिपीडियावरचं चित्र उडालं, आता काय?

गेले काही महिने पत्रांतून एकच तक्रार येते आहे: ‘आम्ही चढवलेलं चित्र वगळलं.’ म्हणून आज तेवढंच. विकिपीडियाच्या लेखांत दिसणारी बहुतेक चित्रं विकिमीडिया कॉमन्स या वेगळ्या भांडारात असतात. भांडण होतं ते तिथल्या नियमांवरून.

प्रश्न: गूगलवर सापडलेल्या फोटोवर कॉपीराइटची खूण नव्हती. तरी का काढला?

खूण नसली तरी हक्क असतो. गूगल फोटो शोधून देतं, परवानगी देत नाही.

प्रश्न: वगळण्याच्या चर्चेत आमच्या गटातल्या बाराजणांनी ‘ठेवा’ लिहिलं, विरोधात एकटाच होता. तरी प्रचालकाने (फाइल वगळण्याचा अधिकार असलेल्या संपादकाने) फाइल काढली. हा अन्याय नाही का?

नाही. ती ग्रामपंचायतीची निवडणूक नव्हे. चर्चा साधारण सात दिवस खुली असते, आणि मग प्रचालक मुद्दे बघतो, माणसं मोजत नाही. ‘आमच्या गावाचा अभिमान आहे’ हा प्रताधिकाराचा, म्हणजे कॉपीराइटचा, मुद्दा होत नाही. फोटो मुक्त आहे, म्हणजे कुणालाही वापरता येतो, हे चढवणाऱ्याने दाखवायचं असतं. ठोस शंका उरली तर फाइल जाते. निर्णय चुकीचा वाटला तर फाइल परत आणण्याची रीतसर विनंती करा. तोच फोटो नव्या नावाने पुन्हा चढवलात तर खात्यावर बंदी येऊ शकते.

प्रश्न: फोटो मीच काढलाय, माझ्या फेसबुकवरून उतरवून चढवला. तरीही संशय?

तुम्ही फेसबुकवरून उतरवलेली प्रत चढवली आहे. अशा प्रतीच्या मेटाडेटात (फाइलमध्ये दडलेल्या माहितीत) बहुधा ‘एफबीएमडी’ ही अक्षरं असतात आणि कॅमेऱ्याची माहिती गायब असते. तपासणारे आधी तेच बघतात. कॅमेऱ्यातली मूळ फाइल चढवा.

प्रश्न: आजोबांचा १९५० च्या सुमाराचा, स्टुडिओत काढलेला फोटो घरी आहे. मी स्कॅन करून ‘स्वतःचे काम’ म्हणून चढवला. नोटीस आली. आमच्याच आजोबांचा फोटो आमचा नाही?

‘स्वतःचे काम’ या खुणेने जितके फोटो बुडवले असतील तितके कुठल्या कायद्याने बुडवले नसतील. स्कॅन केल्याने कोणी छायाचित्रकार होत नाही. ते काम स्टुडिओवाल्याचं. फोटो घरात आहे म्हणून हक्कही घरात आला, असंही नाही.

पण तुमची बाजू तुम्हाला वाटते तितकी लंगडी नाही. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला हक्कदार, वेगळा करार नसेल तर, काढून घेणारा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १७ मध्ये हे आहे, त्याआधीच्या कायद्यातही होतं. म्हणजे पैसे आजोबांनी दिले असतील तर हक्क त्यांचा, आणि त्यांच्यामागे वारसांचा. सगळ्या वारसांचा! पुण्यातल्या काकांना न विचारता एकट्या नातवाने परवाना देऊन टाकायचा नाही.

‘साठ वर्षं झाली, आता मोकळं’ हे ऐकीव गणित घेऊन येऊ नका. प्रकाशित फोटोंची मुदत, २०१२ ची दुरुस्ती, अप्रकाशित कौटुंबिक फोटो, सगळ्यांचे हिशेब वेगळे. शिवाय कॉमन्सला फोटो अमेरिकेतही मुक्त लागतो, आणि १ जानेवारी १९९६ ला भारतात हक्क शिल्लक असलेल्या कामांना तिथे पुन्हा संरक्षण मिळालं. त्यापेक्षा वारसांची परवानगी सोपी.

फोटो उलटा करा. मागे स्टुडिओचा शिक्का असेल तर तीही बाजू स्कॅन करा. लेखक म्हणून स्टुडिओचं नाव लिहा, नाव नसेल तर ‘अज्ञात’. मग कॉमन्सच्या परवानगी पथकाला ईमेल करा, त्यात परवान्याचं पूर्ण नाव हवं: क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन-शेअरअलाइक ४.०. ‘फक्त विकिपीडियासाठी परवानगी’ चालत नाही. उद्या कुणी श्रेय देऊन तो फोटो कॅलेंडरवर छापून विकला तरी तुम्हाला अडवता येणार नाही, आणि दिलेला परवाना मागे घेता येत नाही. घरात एकमत नसेल तर आधी वकील गाठा. आणि हे सगळं नोटीस आल्या दिवशी सुरू करा, सातव्या रात्री नव्हे.

प्रश्न: एकाचा फोन आला, पैसे दिल्यास पान आणि फोटो ‘सुरक्षित’ करून देतो म्हणाला.

छदामही देऊ नका. प्रचालक स्वयंसेवक असतात, त्यांची फी नसते. २०१५ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने अशाच एका टोळीची ३८१ खाती बंद केली. लेख नाकारला गेलेल्यांना गाठून ही मंडळी पैसे मागत. फोनवाल्याचा निरोप जपून ठेवा आणि विकिपीडियाच्या चावडीवर, म्हणजे तिथल्या सार्वजनिक चर्चापानावर, कळवा.

प्रश्न: चौकातला पुतळा आणि शेजारचं भित्तिचित्र, दोन्हींचे फोटो चालतील?

पुतळा सार्वजनिक जागी कायमचा असेल तर भारतात चालतो. नव्या भित्तिचित्राला ती सवलत नाही. चित्रकाराची लेखी परवानगी घ्या. पुतळा प्रदर्शनापुरता असेल तर चढवण्याआधी कॉमन्सच्या प्रताधिकार चावडीवर विचारा.

प्रश्न: इंग्रजी विकिपीडियावर सिनेमाची पोस्टरं राहतात, मग कॉमन्सवर का नाही?

मुक्त नसलेल्या चित्रांसाठी इंग्रजी विकिपीडियाने स्वतःपुरता मर्यादित अपवाद ठेवला आहे: लहान आकार, लेखात प्रत्यक्ष वापर, कारण लिहिलेलं. जिवंत माणसाच्या फोटोला तो सहसा लागू होत नाही. कॉमन्सवर हा अपवाद मुळीच नाही.

प्रश्न: सात दिवस उलटले, फाइल गेली. आता ईमेल करून उपयोग आहे?

आहे. वगळलेली फाइल प्रचालकांना दिसते आणि परवानगी मान्य झाली की परत आणता येते. ईमेलमध्ये फाइलचं जुनं नाव अचूक लिहा.