पेलेट घरी तोलून निवडल्याने ग्रुप सुधारतो का? काटा कोणता घ्यावा?

प्रश्नकर्ते ठाण्याचे, दहा मीटर एअर रायफल खेळतात. पेलेट म्हणजे तिची शिशाची छोटी गोळी, आणि ग्रुप म्हणजे एकाच नेमावर मारलेल्या शॉटचा कागदावरचा पुंजका. परदेशात लोक घरी काडतुसं भरताना बंदुकीच्या दारूचा कण न् कण तोलतात हे व्हिडिओंत पाहिलं आणि आता त्यांना पेलेट तोलायचे आहेत. काटा कोणता, एवढंच विचारलंय.

आधी काट्याचं. सोन्याचांदीचा म्हणून जो स्वस्त ०.०१ ग्रॅमचा काटा विकतात, तो इथे कुचकामी. रायफलचा पेलेट ०.५३ ग्रॅमचा आणि मॅचच्या डब्यात दोन पेलेटमधला फरक ग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजायचा, म्हणजे तो काटा सगळ्यांनाच ०.५३ म्हणणार. ०.००१ चा हवा. पंखा बंद, खिडकी बंद (मे महिन्यात करून बघाच), काटा वीस मिनिटं आधी चालू करायचा आणि दर वीस पेलेटनंतर ठरवून ठेवलेला एकच पेलेट परत ठेवून आकडा सरकला का ते बघायचं. पण माझं ऐकाल तर घेऊ नका.

हिशेब बघा. पेलेट साधारण १७० मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटतो, दहा मीटरला त्याला ०.०६ सेकंद लागतात, तेवढ्यात तो १८ मिलिमीटर खाली येतो. वजनात ०.००५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ एक टक्का फरक धरा. वेग अर्धा टक्का बदलतो, खाली येणं एक टक्का बदलतं: ०.१८ मिलिमीटर. इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिलिमीटर. सबंध पाच मिलिग्रॅमच्या फरकाला एक दशांशही जात नाही. उलट रायफलचाच वेग शॉटागणिक २ मीटरने हलला, तर ०.४ मिलिमीटर गेले. काट्याच्या पैशात आधी रेग्युलेटर, म्हणजे दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग, तपासून घ्या.

हे मी आमच्या रेंजवरच्या एका काकांना कितीदा सांगितलं. ते गोळ्यांची डबी घेऊन यायचे, सोमवार ते रविवार खणांची, बीपीच्या गोळ्या ठेवतात ती. सोमवार म्हणजे ०.५२८, मंगळवार ०.५२९, असं चढत. रविवारच्या खणात बाद माल. त्यांचं म्हणणं, ‘अरे, २००४ साली आपल्या नेमबाज सुमा शिरूरने ४००पैकी ४०० मारले तेव्हा दहा म्हणजे दहाच. २०१३पासून दशांश मोजतात, आता मिलिग्रॅमही मोजायला हवा.’ ऐकायला बरोबर वाटतं. शेवटी त्यांचे बुधवारचे तीस आणि त्याच लॉटच्या (कारखान्यातल्या एकाच खेपेच्या) नव्या डब्यातले न तोललेले तीस, शेजारच्या लेनवरच्या मुलीने दोन बाटल्यांच्या झाकणांत घालून दिले, कुठलं कोणतं ते न सांगता. रायफल शिकंज्यात, दहा-दहाचे तीन ग्रुप प्रत्येकी. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मापले. एका झाकणाचे ५.७, ५.९, ५.६ मिलिमीटर, दुसऱ्याचे ५.८, ५.६, ५.९. पहिलं झाकण काकांचं निघालं, पण कागद बघून कोणालाच ते ओळखता आलं नव्हतं. मग मी रविवारचा खण भिंगाखाली धरला. निम्म्याहून जास्त पेलेटची स्कर्ट, म्हणजे मागची पातळ कड, दबलेली किंवा कडेला शिशाचा कीस चिकटलेला. काट्याने जे पकडलं ते डोळ्यांना दिव्याखाली फुकट दिसलं असतं. काका म्हणाले, शिकंजा हलला असेल.

खरा फरक लॉटचा. डब्यावर डोक्याचं माप ४.४९, ४.५० असं छापलेलं असतं, पण त्याच मापाचे दोन लॉट एका बॅरलमध्ये वेगवेगळे वागतात. चार-पाच लॉटचा एकेक डबा घ्या, लॉट नंबर टिपा. शिकंजा जड टेबलाला पक्का, जबड्यांना चामडं, पकड अॅक्शनजवळ (पेलेट भरतात तो भाग). बॅरलचं टोक मोकळं. हवेचा सिलिंडर भरलेला असावा. लॉट बदलला की पहिले पाच शॉट मोजायचे नाहीत, आणि थांबून पुन्हा सुरू केलं तरी पहिले दोन सोडायचे. रेग्युलेटर सरकत असेल तर तो पहिला शॉटच वर जातो आणि दोष पेलेटवर येतो. पाच शॉटच्या ग्रुपवर निर्णय घेऊ नका. फालतू लॉटही एखादा ५.२ दाखवतो. दहाचे निदान तीन. मापातून पेलेटची जाडी, ४.५ मिलिमीटर, वजा केली की केंद्र ते केंद्र अंतर मिळतं. ते सव्वा मिलिमीटरच्या आत सातत्याने राहिलं तर त्या लॉटचे दुकानात उरलेले सगळे डबे उचला. रोज ऐंशी शॉट असतील तर ५०० चा डबा आठवड्यात संपतो, म्हणून मॅचसाठी वेगळे ठेवा आणि सरावाला दुसरे चालवा.

डबा घरी आणला की काम संपत नाही. ठाणे-पनवेल लोकलमध्ये बॅगेत खुळखुळत गेलेला अर्धा डबा म्हणजे दबलेल्या स्कर्टची हमी. वर फोमचा तुकडा घालून झाकण लावा, किंवा त्या दिवसाचे शंभर खाचांच्या ट्रेमध्ये न्या. शंका असलेला पेलेट किंचित कललेल्या काचेवर सोडा. चांगला एका ठरावीक वळणाने घरंगळतो, वाकडा डुगडुगतो.

धुवायचे का, हे पुढे विचारालच. नाही. कारखान्यातून येणारा तेलाचा पातळ थर साबणाने गेला की आपल्या जूनमधल्या हवेत शिशावर पांढरी भुकटी धरते. कीस दिसला तर नुसती फुंकर मारा.

एक मान्य करायला हवं: साठ शॉटच्या मॅचमध्ये सहाशे तीसच्या वर गुण जात असतील, लॉट ठरलेला असेल आणि रेग्युलेटर पक्का असेल, तर तोलण्याला किंचित अर्थ आहे. काकांना हे सांगू नका.

आणि त्या व्हिडिओंतलं काडतुसं भरणं इथे करायला जाऊ नका. १९५९च्या शस्त्र कायद्यात परवान्याशिवाय दारूगोळा बनवणं गुन्हा आहे. शिवाय क्लबात .२२ चं जे काडतूस वापरतात ते रिमफायर, ते पुन्हा भरायच्या जातीचंच नाही. काटा घेतलाच तर ओट्यावर ठेवू नका, पेलेट म्हणजे शिसं आहे. खाली वर्तमानपत्र घाला, मुलांना लांब ठेवा, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावू नका.