शून्य न पाहता परतलेला पाहुणा

लष्कर, ग्वाल्हेर

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

परवा दत्तजयंतीच्या प्रसादाला आलीस, तेव्हा पंगतीत बसूनही तुझे लक्ष मोबाइलमध्येच होते. नंतर ओसरीवर तू मला तो सगळा प्रकार दाखवलास. ग्वाल्हेर किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाच्या छायाचित्राखाली एका परदेशी बाईने विचारले होते की, किल्ल्यावर पायी जायचे असेल तर कोणत्या दरवाज्याने जावे. तू सांभाळतेस त्या तुमच्या पर्यटन कार्यालयाच्या फेसबुक खात्यावरून तिला हात जोडल्याचे चिन्ह गेले आणि ‘आम्हाला टॅग करायला विसरू नका’ अशी आठवण गेली. चार दिवसांनी तिने गाडीवाल्याने तिप्पट पैसे घेतल्याचे लिहिले, तेव्हा साहेबांनी तुला ती कमेंट लपवायला सांगितले. लपवू की नोकरी सोडू, असे तू विचारलेस. दोन्ही नको. तिने पहिल्या दिवशी जे विचारले, त्याचे आधी उत्तर दे.

हे मी कोणत्या अधिकाराने सांगतो आहे, तेही ऐक. पर्यटकांना माहिती देणाऱ्या एका सरकारी खिडकीवर मी बरीच वर्षे बसलो. कार्यालयाचे नाव घेत नाही. तेव्हा तुमचे फेसबुक नव्हते, अभिप्रायाची वही होती. 1991 च्या हिवाळ्यात गणिताचे एक वयस्कर परदेशी प्राध्यापक केवळ आपले शून्य पाहायला आले. किल्ल्याच्या चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत 933 चा, म्हणजे इसवी सन 876 चा शिलालेख आहे. त्यात 187 हात गुणिले 270 हात अशा बागेचा आणि रोजच्या 50 माळांचा उल्लेख येतो, आणि 270 व 50 यांतील शून्य आज आपण काढतो तसेच वाटोळे कोरलेले आहे. मी त्यांना गाडी करून दिली आणि पश्चिमेच्या उरवाई दरवाज्याने वर पाठवले. चतुर्भुज मंदिर मात्र पूर्वेच्या, ग्वाल्हेर दरवाज्याकडून चढणाऱ्या पायवाटेवर आहे. गाडीने वर जाऊन गाडीनेच उतरणाऱ्याला ते दिसतच नाही. प्राध्यापक सासबहू मंदिर पाहून, शून्य न पाहता परतले. वहीत त्यांनी पानभर लिहिले, शिवी एकही नव्हती, आणि शेवटी विचारले होते की ते मंदिर नेमके कोठे आहे.

दोन दिवसांनी तपासणी होती. मी ते पान फाडले.

तेव्हा माझी नोकरी कायम झालेली नव्हती आणि घरात खाणारी सहा माणसे होती, हे मी स्वतःला इतकी वर्षे सांगत आलो आहे आणि त्यात खोटे काही नाही. पण पुढे चूक सुधारावी म्हणून पत्र लिहायला बसलो, तेव्हा ध्यानात आले की त्यांचा पत्ता त्याच पानावर होता. तेव्हापासून वहीतल्या प्रत्येक प्रश्नाला मी पदरच्या पैशांनी पोस्टकार्ड पाठवू लागलो. सहकारी हसले, एका साहेबांनी त्याला शिस्तभंग म्हटले, माझी बदली झाली. मी हट्ट सोडला नाही, आणि आजही मला त्यात माझी चूक दिसत नाही.

तुमच्या खात्यांचे मला राहून राहून नवल वाटते. केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने 2002 मध्ये ‘अतुल्य भारत’ मोहीम सुरू केली, पुढे ‘अतिथी देवो भव’ आले. पण देव मानलेल्याला निदान बोलू तरी द्यावे! आपल्या घरी पाहुणा दारात आला की गूळपाणी पुढे करतात. तुम्ही त्याच्या कपाळी टिळा लावून फोटो काढता आणि तो आपल्याच लोकांना दाखवून मिरवता. त्या फोटोंतला परदेशी माणूस बहुधा गोराच का असतो, हेही साहेबांना कधीतरी विचार. भारतात येणाऱ्या परदेशी पाहुण्यांत अमेरिकेच्या जोडीला बांगलादेशाचे नाव कित्येक वर्षे सर्वांत वर राहिले आहे. तो ढाक्याचा गृहस्थ तुमच्या भिंतीवर कोठे आहे?

हे आपल्याकडेच होते असेही नाही. फिलिपिन्सच्या पर्यटन खात्याच्या 2023 मधील प्रचारफितीत इंडोनेशिया आणि थायलंडची दृश्ये निघाली. जाहिरात कंपनीला माफी मागावी लागली आणि तिचे कंत्राट गेले. उलट स्वीडनने 2011 पासून 2018 पर्यंत आपले अधिकृत ट्विटर खाते दर आठवड्याला एका सामान्य नागरिकाच्या हाती दिले. 2012 मध्ये एकीने ज्यूंविषयी बेताल लिहिले, जगभर ओरड झाली, तरी तिचा आठवडा तिच्याकडेच ठेवला. तिचे लिहिणे मला मुळीच पटलेले नाही. पण पुसण्याची घाई न करणारे सरकारी खाते असू शकते, एवढे तरी त्यातून दिसले.

तू म्हणालीस, सगळ्यांना उत्तरे देत बसले तर काम कधी करायचे? अगं, तेच काम आहे. ताजमहाल पाहायला भारतीयाला 50 रुपये पडतात आणि परदेशी माणसाला 1100, मुख्य कबरीचे 200 वेगळे. बावीसपट पैसे घेतो, तेव्हा कोणत्या दरवाज्याने जावे हे सांगणे म्हणजे उपकार नव्हे. मंत्रालयाची 1363 ही मदतवाहिनी चोवीस तास 12 भाषांत चालते, त्यांत दहा परदेशी आहेत. तुमच्या गेल्या दोन महिन्यांच्या पोस्ट मी चाळल्या, तो क्रमांक एकदाही आढळला नाही. 2023 मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीताचे शहर म्हणून मान दिला, त्याच्या अभिनंदनाची चित्रे मात्र भरपूर आहेत. कोणी विचारले की इथे ध्रुपद कोठे ऐकायला मिळेल, तर त्याच्या वाट्यालाही हात जोडल्याचेच चिन्ह येते.

साहेब रागावतील, त्याला माझ्याकडे तोड नाही. कमेंट लपवण्याचा हुकूम त्यांना लेखी मागून घे. बहुतेक वेळा तो लेखी येत नाही. तोवर आधी उत्तर दे, आणि भाड्याची तक्रार कोठे करायची तेही त्याच उत्तरात लिही, तिला वेगळ्या खाजगी निरोपात ओढू नकोस, कारण उद्या हाच प्रश्न दुसऱ्याला पडणार आहे.

तिला द्यायच्या उत्तराचा तू पाठवलेला मसुदा वाचला. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल खेद आहे’ हे पहिले वाक्य खोड. त्या जागी लिही की पायी चढायचे असेल तर पूर्वेच्या ग्वाल्हेर दरवाज्याने, गुजरी महालाजवळून चढावे, आणि वाटेत चतुर्भुज मंदिर लागते, तिथे थांबावे.

तुझा,
काका