नफा वाढला, पण कुठून?

प्रश्न : ताई, माझ्याकडे एका कंपनीचे थोडे शेअर्स आहेत, तिमाही निकालात नफा वाढला म्हणतात, तर नेमकं बघायचं काय? – एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : अहो, बातमीतला आकडा सोडा, बीएसईच्या (मुंबई शेअर बाजाराच्या) साइटवर निकालाची पीडीएफ असते (तिमाही संपल्यावर ४५ दिवसांत द्यावीच लागते, मार्चची ६०), ती उघडा आणि तुलना गेल्या वर्षीच्या त्याच तिमाहीशी करा, कारण दिवाळीत विक्री वाढतेच की. मग इतर उत्पन्न बघा, व्याज नाहीतर जमीनविक्रीतून नफा फुगला असेल तर धंदा आहे तिथेच आहे. सप्टेंबर आणि मार्चच्या निकालात कॅश फ्लोही (रोख किती आली-गेली त्याचा तक्ता) येतो, नफा दिसतोय पण रोख येत नाही, नुसती उधारी वाढतेय, असं असेल तर मी तरी अजून शेअर्स घेणार नाही. आणि हो, खालच्या नोट्सही वाचा, कंटाळा आला तरी.