आई-बाबांना मल्टिप्लेक्सला नेताना कुठल्या रांगेतल्या सीट घ्याव्यात?

तुम्ही विचारलंय की जळगावला आई-बाबांना पहिल्यांदाच मल्टिप्लेक्समध्ये नेताय, बुकिंगच्या नकाशात शेवटची रांग सगळ्यात महाग दिसतेय, तर तीच घ्यावी का. माझं उत्तर: नका घेऊ. पडद्यापासून मागे जाताना हॉलचा साधारण दोन-तृतीयांश भाग संपतो, तिथल्या मधल्या सीट धरा. मग दोघांचे डोळे, मान आणि गुडघे बघून एखाद-दुसरी रांग पुढे-मागे करा.

मागची जागा म्हणजे भारी, हे आपल्याकडे टुरिंग टॉकीजपासून डोक्यात बसलंय. मी शहादा तालुक्यातला. लहानपणी सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत तंबूतला सिनेमा बघायचो. पुढे जमिनीवर बसणाऱ्यांचं तिकीट स्वस्त, मागे खुर्चीवरचं महाग. मार्गशीर्षातली थंडी, खाली घरून आणलेली गोधडी आणि पुढच्या काकांचा फेटा बरोबर पडद्याच्या मधोमध! नंतर गावोगावच्या टॉकीजमध्ये खालच्या मजल्यावर तीच अडचण, म्हणून बाल्कनीला जादा पैसे मोजणं पटायचं. मल्टिप्लेक्समध्ये प्रत्येक रांग वेगळ्या पायरीवर असते. पुढच्याचं डोकं फारसं आड येतच नाही. म्हणजे ज्या कारणासाठी आपण मागे जायचो, ते कारणच तिथे उरलेलं नाही.

उलट शेवटच्या रांगेत ऐकण्याचं नुकसान होतं. पात्रांचं बोलणं मुख्यतः पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतं. आवाज बाहेर यावा म्हणून पडद्याला बारीक छिद्रं असतात. पाऊस, गर्दी असे भोवतालचे आवाज आणि पार्श्वसंगीताचा काही भाग बाजूच्या आणि मागच्या भिंतींवरच्या स्पीकरमधून येतो. शेवटच्या रांगेत हे मागचे स्पीकर अगदी डोक्याशी असतात. माझ्या वडिलांना थोडं कमी ऐकू यायचं. त्यांना मी एकदा हौसेने सगळ्यात महागडी सीट काढून दिली, तर अर्धा सिनेमा ते ‘काय म्हणला तो?’ विचारत राहिले. मला फार वाईट वाटलं, कारण पुढच्या तीन-चार रांगा रिकाम्याच होत्या. हॉलचा आवाज जुळवताना तंत्रज्ञ जी जागा प्रमाण धरतात, तीही साधारण दोन-तृतीयांश अंतरावर, मधोमध असते. म्हणून मी त्या जागेचा एवढा आग्रह धरतोय.

आता डोळ्यांचं. पडदा नजरेत किती अंशांत मावतो, यावर सगळं ठरतं. एसएमपीटीई या अमेरिकी अभियंत्यांच्या संस्थेचा जुना निकष असा, की शेवटच्या रांगेतूनही पडदा किमान 30 अंशांचा दिसावा. थिएटरमधल्या चित्र-आवाजाचा दर्जा ठरवणारी टीएचएक्स ही कंपनी 36 अंश सांगते, आणि 40च्या आसपास असेल तर उत्तम. हे मोजायला काही लागत नाही. हात ताठ समोर धरून बोटं पसरली की एक वीत साधारण 20 अंश झाकते. दोन्ही विती शेजारी शेजारी धरल्यावर पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत झाकला गेला, तर जागा झकास. तीन विती लागत असतील तर फार पुढे आलात. दीड वितीतच मावत असेल तर मागची हद्द. अंतराच्या हिशेबात झकास जागा पडद्याच्या रुंदीच्या जवळपास दीडपट लांब पडते: 12 मीटर रुंद पडदा असेल तर 16 ते 18 मीटर. एकदा तुम्ही एकटे जाऊन मोजून या आणि रांगेचं अक्षर लक्षात ठेवा. त्याच स्क्रीनला पुढच्या खेपेला घरबसल्या बुकिंग करता येतं.

पुढच्या रांगा मात्र वयस्कर माणसांसाठी अजिबात नकोत. दिवाळीच्या गर्दीत आम्हाला एकदा दुसरी रांग मिळाली होती. अर्ध्या तासात आई म्हणाली, ‘भाऊ, मनी मान दुखी ऱ्हायनी.’ मी मानेपुरतंच समजलो. घरी आल्यावर कळलं, तिला चित्रही धड दिसलं नव्हतं. तिचा चष्मा बायफोकल. वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून जवळचं. मान मागे टाकली की पडद्याचा खालचा भाग चष्म्याच्या खालच्या भागातून बघितला जातो आणि तो धूसर होतो. तुमच्या आईला किंवा बाबांना असा चष्मा असेल, तर पडद्याचा मध्य जवळपास डोळ्यांच्या समोर येईल अशीच रांग हवी. त्यासाठी मी ठरलेल्या जागेपेक्षा दोन रांगा मागे जायलाही तयार होईन.

गुडघे दुखत असतील तर हॉलचं दार खाली पडद्याजवळ उघडतं की वर, हे आधी विचारून घ्या. दार खाली असेल तर चढायच्या पायऱ्या मोजा. काही हॉलमध्ये रांगांच्या मधून आडवा रस्ता असतो. त्याच्या लगेच मागची रांग मिळाली तर पाय पसरायला जागा मिळते. थ्रीडी असेल तर कडेला बसू नका, कडेने चित्र काळवंडलेलं दिसू शकतं.

आणि आपल्याकडच्या मे महिन्यात, बाहेर 44-45 अंश असताना, तीनच्या शोला आत शिरल्यावर पहिली दहा मिनिटं स्वर्ग वाटतो. मग एसीचा झोत थेट अंगावर येतो आणि म्हातारी माणसं आखडतात. आईसाठी एक शाल पिशवीत टाका.

माझ्या मते बाबांना मध्यंतराआधी उठावं लागत असेल तर त्यांना रस्त्याकडची सीट द्या, त्यांच्या शेजारी आई, आणि तुम्ही तिच्या पलीकडे आतल्या बाजूला. रांग नेहमीचीच, दोन-तृतीयांशची. एवढ्यासाठी थोडं कडेला बसावं लागलं तरी चालेल.