इन्का शिकवताना आधी दोरी द्या

दक्षिण अमेरिकेतलं इन्का साम्राज्य शिकवताना सुरुवात स्पॅनिश जेता पिसारो आणि त्याच्या १५३२ च्या स्वारीपासून करू नका. मुलं मग जेत्यांच्याच नजरेने बघत राहतात. आधी किपू, म्हणजे इन्कांची आकडे नोंदवायची गाठींची दोरी, बांधायला लावा.

दोघांत एक आडवी मुख्य दोरी, तिला टांगायला ३० सेंटिमीटरच्या चार सुती दोऱ्या. जाडच घ्या, बारीक दोऱ्यात वेढे मोजता येत नाहीत. शतक वर, दशक मध्ये, एकक तळाशी. शतक-दशकाला साध्या गाठी, एककाला २ ते ९ वेढ्यांची लांब गाठ, १ साठी इंग्रजी आठाच्या आकाराची. शून्य म्हणजे मोकळी जागा. तीच हमखास विसरली जाते आणि २०४ चे २४ होतात. लगेच दुरुस्त करू नका, किपू शेजारच्या जोडीला वाचायला द्या. आकडा लामा या प्राण्यांचा की माणसांचा, हे गाठींवरून कळत नाही. म्हणजे किपू राखणारा जाणकार, किपूकामायोक, का लागायचा हे त्यांना आपणच सुचतं. जनगणना आणि मिता, म्हणजे आळीपाळीची सक्तीची श्रमसेवा, त्यानंतर शिकवा.