त्याच सहा लाखांवर घरही आणि धंदाही?

प्रश्न : मी ३९ वर्षांचा, भांडुपला राहतो. अंधेरीच्या एका कंपनीत एसी सर्व्हिस इंजिनीअर म्हणून १४ वर्षं झाली. हातात ६८,००० येतात. पत्नी खासगी शाळेत शिकवते, तिला २७,००० मिळतात. घरखर्च ५२,०००, गृहकर्जाचा हप्ता २६,००० (अजून ११ वर्षं), एसआयपी १०,०००. मुलगी आठवीत आहे. आई ६८ वर्षांची, तिला शुगर आहे. एफडीत ६ लाख, म्युच्युअल फंडात साडेचार लाख, पीएफ ११ लाख. या जुलैअखेर राजीनामा देऊन स्वतःचं एसी सर्व्हिसिंग सुरू करावं म्हणतो. रविवारी खासगी कामं करतो, त्यात महिन्याला आठ-नऊ हजार सुटतात. २५० मशीनच्या एएमसी (वार्षिक देखभालीचे करार) ३,००० रुपयांनी घेतल्या तर वर्षाला साडेसात लाख होतात. सेकंडहँड इको व्हॅन, गाळ्याचं डिपॉझिट, हत्यारं आणि माल यांना साडेपाच लाख लागतील, ते एफडी मोडून उभे करणार. एक सहकारी चार लाख घालून भागीदार व्हायला तयार आहे. पत्नी म्हणते, जरा थांबा. काय करू?

उत्तर : नमस्कार. आधी माझं मत सांगतो, मग हिशेब मांडतो. धंदा जरूर करा, पण राजीनामा जुलैत देऊ नका, डिसेंबरात द्या. आणि एफडीतले सहा लाख धंद्यात घालू नका. काम तुम्हाला येतं, चौदा वर्षांचा हात आहे, त्याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती पैसा कधी हातात येणार याबद्दल.

पगार थांबला की घराची गरज किती, ते पाहू. घरखर्च आणि हप्ता मिळून ७८,०००. एसआयपी वर्षभर थांबवली असं धरू. पत्नीचे २७,००० वजा केले की महिन्याला ५१,००० कमी पडतात. वर्षाचे झाले ६ लाख १२ हजार. म्हणजे तुमची एफडी ही घराची बरोबर एका वर्षाची बेगमी आहे. त्यातले साडेपाच लाख गाडीत आणि गाळ्यात गेले, तर घराकडे उरतात पन्नास हजार, एक महिनासुद्धा पुरणार नाहीत इतके. तुमच्या कागदावर हे सहा लाख दोन ठिकाणी धरलेले दिसतात, भांडवल म्हणूनही आणि ‘अडीअडचणीला आहेतच’ म्हणूनही. पत्नी थांबा म्हणतात त्याचं कारण बहुधा हेच असावं. त्यांना हा हिशेब दाखवल्याचं पत्रात कुठे लिहिलेलं नाही. आधी तो दाखवा.

आता २५० मशीन. साडेसात लाख म्हणजे महिन्याला ६२,५००, पगाराच्या जवळपास. म्हणूनच हा आकडा मोहात पाडतो. यातून हेल्परचे १६,०००, गाळ्याचं भाडं १२,००० आणि पेट्रोल, फोन, किरकोळ धरून ७,००० काढा. हातात राहतात साडेसत्तावीस हजार. शिवाय एका मशीनला वर्षात चार फेऱ्या धरल्या तर हजार फेऱ्या होतात. पवई, विक्रोळी, घाटकोपर असं फिरत तुम्ही आणि हेल्पर दिवसाला सरासरी पाच मशीन उरकलीत, तरी दोनशे दिवस नुसत्या एएमसीतच जातील. गॅस भरणं, पीसीबी (सर्किट बोर्ड), लीकेज, नवं मशीन बसवणं, म्हणजे खरा पैसा देणारी कामं उरलेल्या दिवसांत बसवायची. आणि मार्चअखेरीला सगळ्यांचे फोन एकदमच येतात.

पहिल्या वर्षी २५० मशीन मिळणारही नाहीत. शंभर मिळाली तरी मी ती चांगली सुरुवात म्हणेन. शंभर मशीनचे महिन्याला २५,००० येतात आणि वरचा खर्च ३५,००० आहे. म्हणजे एएमसीत दहा हजारांची खोट, आणि घराचे ५१,००० वेगळे. दुरुस्तीतून महिन्याला ६१,००० निव्वळ सुटायला हवेत, भर पावसाळ्यातही. हे होणार नाही.

रविवारच्या कामावरून अंदाज बांधलात, ते पुष्कळ बरं, कारण तो अनुभवाचा आकडा आहे. पण त्या कामाला व्हॅक्यूम पंप, गेज आणि वेल्डिंगचा सेट कोणाचा वापरता? बहुधा कंपनीचाच. तो खर्च तुमच्या आठ-नऊ हजारांत आलेला नाही. शिवाय नोकरीत असताना कंपनीच्या ग्राहकांची खासगी कामं करणं बंद करा. पकडले गेलात आणि शिस्तभंगाची कारवाई झाली, तर ग्रॅच्युइटीचाही वाद उभा राहू शकतो. नोकरी सोडल्यावर मात्र ‘अमुक वर्षं हा धंदा करायचा नाही’ अशी अट तुमच्या करारात असली, तरी १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार ती सहसा टिकत नाही. कंपनीच्या ग्राहकांची यादी, त्यांचे दर, कागद बरोबर नेऊ नका, तो वेगळा गुन्हा ठरू शकतो. ज्यांना तुमचं काम माहीत आहे ते स्वतःहून शोधत येतील.

उधारीकडे तुम्ही पत्रात पाहिलेलंच नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. सोसायटीचं काम घेतलंत की बिल कमिटीच्या मीटिंगला जातं. मीटिंग महिन्यातून एकदा. चेकवर दोघांच्या सह्या लागतात, आणि खजिनदार गणपतीला गावी गेलेले असतात. तेवढ्यात तुम्ही गुलालवाडीतून तांब्याची नळी आणि लोहार चाळीतून केबल, कपॅसिटर रोखीने आणलेले असतात, हेल्परला शनिवारी पैसे दिलेले असतात. ऑफिसं आणि क्लिनिकं तर पंचेचाळीस-साठ दिवस सहज लावतात, वर टीडीएस, म्हणजे बिलातूनच आगाऊ आयकर, कापतात. तो विवरणपत्र भरल्यावर परत मिळतो, पण तोवर अडकलेला राहतो. माझ्याकडे येणाऱ्या छोट्या कंत्राटदारांमध्ये कामाअभावी बंद पडलेले थोडे, हातात भरपूर काम असून पैसे अडकल्याने बंद पडलेले जास्त.

यावर एक उपाय पहिल्याच दिवशी करा. ‘उद्यम’ ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी घ्या. आधारवर ऑनलाइन होते आणि फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या) कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. १ एप्रिल २०२४ पासून तर मुदतीत पैसे न देणाऱ्या व्यावसायिक ग्राहकाला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षाच्याच आयकर हिशेबात दाखवता येतो. कंपन्यांचे अकाउंट्सवाले याला मानतात. सोसायट्यांना त्याचा फारसा धाक नाही. म्हणून सोसायटीच्या एएमसीत निम्मे पैसे आगाऊ घ्या, मग दर शंभर-दोनशेंनी कमी करावा लागला तरी चालेल.

जुलै का नको? राजीनामा जुलैअखेर, दोन महिन्यांची नोटीस, म्हणजे सप्टेंबरअखेर मोकळे. ऑक्टोबरच्या उकाड्यात तीन-चार आठवडे काम मिळेल, मग नोव्हेंबर ते फेब्रुवारी मुंबईत एसीला कोणी हात लावत नाही. तुमची बेगमी त्या चार महिन्यांत आटेल, आणि हंगाम येईल तेव्हा माल घ्यायलाही पैसा नसेल. डिसेंबरच्या मध्यावर राजीनामा दिलात तर दिवाळीचा बोनस खिशात, आणि फेब्रुवारीच्या मध्यापासून तुम्ही मोकळे. सर्व्हिसिंगचे फोन त्यानंतर लगेच सुरू होतात. मार्च, एप्रिल, मे हे तीन महिने कमवा आणि त्यातून पावसाळा काढा.

भांडवल एफडीतून नव्हे, ग्रॅच्युइटीतून उभं करा. पत्रासोबतच्या सॅलरी स्लिपवर मूळ वेतन ३६,००० आहे. त्याला १५ ने गुणून २६ ने भागा आणि १४ वर्षांनी गुणा, साधारण २ लाख ९० हजार येतात. करमाफीची मर्यादा २० लाख आहे, म्हणजे कर नाही. सोडताना अर्ज द्या. देय झाल्यापासून तीस दिवसांत कंपनीने पैसे द्यायचे असतात. बोनसचे साठेक हजार धरले तर साडेतीन लाख होतात, आणि धंद्याला तेवढंच द्या. हत्यारांना ९०,०००, सुरुवातीच्या मालाला ६०,०००, उरलेले दोन लाख उधारी पेलायला बँकेत, वेगळ्या चालू खात्यात.

इको पहिल्या वर्षी नको. बाइकवर पंप आणि बॅग जाते, मोठं काम असेल त्या दिवशी टेम्पो सांगा. गाळाही नको. तुमचा ग्राहक तुमच्याकडे येत नाही, तुम्ही त्याच्याकडे जाता. फक्त गॅसचे सिलेंडर घरात ठेवू नका. आर-३२ हा एसीतला गॅस पेट घेऊ शकतो हे तुम्ही मला सांगाल, पण घराच्या बाल्कनीत ते ठेवलेले मी पाहिले आहेत म्हणून लिहितो. ओळखीच्या फॅब्रिकेटरच्या किंवा हार्डवेअरवाल्याच्या गाळ्यात, मोकळी हवा खेळेल असा कोपरा दोन-तीन हजारांत मिळतो का पाहा. हेल्पर हंगामापुरता रोजावर घ्या. वर काढलेली दहा हजारांची खोट या दोन गोष्टींनी भरून निघते.

पीएफला हात लावू नका. नोकरी सुटल्यावरही खात्यावर व्याज मिळतं, फक्त त्या पुढच्या व्याजावर कर लागतो. दहा वर्षांवर सेवा झाल्यामुळे तुमचा पेन्शनचा हक्कही पक्का झाला आहे. त्यामुळे पेन्शनचे पैसे एकरकमी काढता येत नाहीत, सेवेची नोंद ठेवणारं स्कीम सर्टिफिकेट घ्या.

आणि डिसेंबरपर्यंतचे महिने विम्यासाठी वापरा. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, आणि त्यात आई आहेत. एचआरला लेखी विचारा की त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत सर्वांना जाता येईल का. तसं झालं तर प्रतीक्षा कालावधीत आधीची वर्षं मोजली जातात. नाहीच जमलं, तर आईंची वेगळी पॉलिसी आजच घ्या. आधीच्या आजारासाठी विमा कंपनी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते, ती तीन वर्षं जितकी लवकर सुरू होतील तितकं बरं. शुगर फॉर्ममध्ये लपवू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य आणि आयुर्विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झाला आहे. तुमचा स्वतःचा टर्म इन्शुरन्सही सॅलरी स्लिप हातात असतानाच काढा. बाकी कर्ज साधारण बावीस लाख असावं. ते आणि मुलीचं शिक्षण धरून किमान एक कोटी. धंद्यात पडल्यावर उत्पन्नाचा पुरावा म्हणून दोन-तीन वर्षांची विवरणपत्रं मागतात.

कराची फार चिंता नको. सेवा व्यवसायाला वार्षिक उलाढाल २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, फक्त त्यात सुट्या भागांची विक्रीही धरायची. आयकर अनुमानित पद्धतीने, म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून, भरा. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर नाही. दुकान-आस्थापना कायद्याखाली तुमच्याएवढ्या छोट्या धंद्याला ऑनलाइन सूचना पुरते, आणि व्यवसाय कर वर्षाला २,५००.

थांबायचं कधी, तेही आजच ठरवा, दोघांनी बसून. माझ्या मते एफडी दोन लाखांवर आली की पुन्हा नोकरी शोधायची, मग हातात कितीही ‘येणारी’ बिलं असोत. चौदा वर्षांच्या मेकॅनिकला मुंबईत नोकरी मिळते. पण ती शांतपणे शोधायला चार महिन्यांचा घरखर्च जवळ लागतो, म्हणून दोन लाख.

राहिला सहकारी आणि त्यांचे चार लाख. वरच्या हिशेबात तुम्हाला त्यांच्या पैशाची गरजच उरत नाही. दोन घरांचा खर्च निघावा एवढं काम पहिल्या वर्षी नाही, आणि ते नोकरीत राहून नुसते पैसे घालणार असतील तर राबणार तुम्ही एकटे, वाटा मात्र निम्मा. त्यांना सांगा की पहिला हंगाम होऊ दे. जूनमध्ये कामं तुमच्या आवाक्याबाहेर गेलेली असली, तर तेव्हा भागीदारीचा लेखी करार करून, कोण किती दिवस काम करणार आणि सोडताना पैसे कसे परत करायचे हे त्यात घालून, त्यांना बरोबर घ्या.