फ्रँकफर्टला मित्राकडे उतरून ऱ्हाइनकाठी फिरायचंय, वाइन टेस्टिंगही करायचंय. काय पाहावं? मित्राला बरोबर न्यावं का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, ‘मित्राकडे गाडी आहे, त्यामुळे जाण्यायेण्याचा प्रश्न नाही.’ तेवढ्यासाठीच उत्तर लिहायला बसलो. तो गाडीवाला मित्र म्हणजे मी. तुमचा नव्हे, पण दर उन्हाळ्यात कुणाचा ना कुणाचा असतोच.

मित्राला जरूर न्या. त्याची गाडी नेऊ नका. इथे गाडी चालवणाऱ्याला मर्यादा ०.५ प्रोमिलची (रक्तात दारूचं प्रमाण हजारी ०.५) आहे, आणि तुम्ही आठ वाइन चाखत असताना तो बिचारा द्राक्षाचा रस पीत बसतो. वर तुम्ही त्याला प्रत्येक ग्लासाचं वर्णन ऐकवता. फ्रँकफर्टहून रुडेसहाइम या ऱ्हाइनकाठच्या वाइनच्या गावाला थेट लोकल ट्रेन आहे, सव्वा तासाच्या आसपास लागतो. आरएमव्हीचं (इथल्या सार्वजनिक वाहतुकीचं) ग्रुपचं दिवसभराचं तिकीट पाच जणांपर्यंत चालतं. विस्बाडेन सुटलं की नदीकडची खिडकी धरा.

आता माझी कथा. दोनेक वर्षांपूर्वी सप्टेंबरच्या शेवटी कॉलेजचा मित्र आणि वहिनी आमच्याकडे आठवडाभर होते. (नाव घेत नाही, तो इथे वाचतो.) एका रविवारी मी त्यांना गाडीने ऱ्हाइनगाऊत, म्हणजे रुडेसहाइमच्या आसपासच्या द्राक्षमळ्यांच्या पट्ट्यात नेलं. द्राक्षतोडणी चालू होती, अरुंद रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे रांगत गेलो. मोठ्या नावाच्या ठिकाणी न जाता एका घरगुती वाइनगूटमध्ये (स्वतःच्या मळ्याची वाइन बनवणाऱ्याकडे) गेलो, मी दरवर्षी तिथूनच वाइन घेतो. मालकाची आई, सत्तरीची, अंगणातल्या टेबलाशी आली. समोर किमतीची यादी ठेवली, यादीवर एक शिसपेन्सिल ठेवली आणि ओतायला लागली.

पहिल्या तीन ट्रोकन, म्हणजे कोरड्या (गोड नसलेल्या), साखर फार तर लिटरला ९ ग्रॅमच्या आसपास. चौथी आली श्पेटलेझे. आमचा मित्र लगेच म्हणाला, “श्पेटलेझे म्हणजे गोड, मी गोड पीत नाही.” आजींनी काही न बोलता ओतली. ती कोरडी ठणठणीत निघाली. श्पेटलेझे म्हणजे उशिरा तोडलेली, जास्त पिकलेली द्राक्षं. त्यातली साखर सगळी आंबवली तर वाइन कोरडीच होते. जवळच्याच श्लॉस योहानिसबर्ग या वाइन बनवणाऱ्या राजवाड्याची गोष्ट सांगतात, की १७७५ साली तोडणीची परवानगी आणणारा घोडेस्वार उशिरा पोचला, तोवर द्राक्षं वेलीवरच सडायला लागली होती, तरी तोडली आणि वाइन अफलातून निघाली. हे मी त्याला सांगत होतो, पण लक्ष कुणाचं? तो यादीवर पेन्सिलीने बरोबरच्या खुणा करण्यात दंग होता. आवडली की खूण. चाखलेली वाइन थुंकायचं भांडं शेजारीच होतं, त्याने ते एकदाही वापरलं नाही.

आठव्या ग्लासानंतर आजींनी यादी उचलली, खुणा मोजल्या, सहा. आत जाऊन पुठ्ठ्याचा सहा बाटल्यांचा खोका घेऊन आल्या आणि भरायला लागल्या. तीन बाटल्या आत गेल्यावर मित्राला उलगडा झाला. मला मराठीत म्हणतो, “अरे, त्यांना सांग, विचार करून कळवतो.” आजींचा हात चौथ्या बाटलीवर तसाच थांबला. मराठी कळत नव्हतं, सूर कळला असणार. मी पाकीट काढलं आणि सहाही घेतल्या.

परतताना गाडीत जुंपली. त्याचं म्हणणं, “टेस्टिंग म्हणजे चव बघणं. घ्यायचंच बंधन असेल तर चव कशाला बघायची?” माझं म्हणणं, घरातली म्हातारी बाई तासभर उभी राहून तुला आठ बाटल्या उघडून पाजते तेव्हा दोन तरी घ्यायच्या असतात. ते कुठे लिहिलेलं नसतं, कळायचं असतं. तो अजून सगळ्यांना सांगतो की जर्मनीत टेस्टिंग फुकट असतं. नसतं. त्या दिवशी ते माझ्या खिशातून झालं.

बाकी बघायचं म्हणाल तर रुडेसहाइमला द्राक्षमळ्यांवरून जाणारा रोपवे घ्या, वर निडरवाल्डचं १८८३ सालचं स्मारक आहे. स्मारक ठीकठाक, वरून दिसणारी नदी खरी. उत्तरेकडे निघालेली ऱ्हाइन टाउनुसच्या डोंगराला अडून तीसेक किलोमीटर पश्चिमेला वाहते, म्हणून काठावरचे उतार दक्षिणेकडे तोंड करून दिवसभर ऊन खातात. इथली रीसलिंग ही पांढऱ्या वाइनची द्राक्षं पिकतात ती त्यामुळे. वरून जंगलातून चालत जाऊन आस्मान्सहाउझनला उतरा, तिथली तांबडी वाइन प्रसिद्ध आहे, आणि बोटीने परत या. रुडेसहाइमची ड्रॉसलगासे ही गल्ली फोटोपुरती. ११३६ साली स्थापन झालेला एबरबाखचा मठ चुकवू नका, तिथले जुने लाकडी द्राक्षप्रेस बघताना मान वर करावी लागते. दारावर झाडू किंवा पानांचा गुच्छ टांगलेला दिसला तर आत शिरा. ती श्ट्राउसविर्टशाफ्ट, म्हणजे वाइनवाल्याने वर्षातून चारच महिने चालवायची खानावळ. श्पुंडेकेझ हा चीजचा प्रकार मागवा.

हो, मोठ्या ठिकाणी टेस्टिंगची ठरावीक फी असते. ती भरली की काही न घेता खुशाल उठा. आणि दुसरं, खरं तर आधीच लिहायला हवं होतं: घरगुती ठिकाणची ही रीत मी मित्राला जाण्यापूर्वी सांगितलीच नव्हती. वहिनी त्याच रात्री म्हणाल्या, “भावजी, त्या पेन्सिलीचं तुम्ही आधी सांगायचं होतं.” मुद्दा बरोबर होता. त्या सहापैकी चार बाटल्या आम्ही त्याच आठवड्यात मिळून संपवल्या, हेही खरं.

पुढच्या मे महिन्यात तो परत येतोय. परवा फोनवर विचारत होता, गाडी तीच आहे का. मी त्याला ट्रेनचं वेळापत्रक पाठवलंय.